लग्नापुरता खरा फोटो

मामंजी,

काल माझी नात, म्हणजे तुमची पणती, कायद्याचं पुस्तक मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसली होती. मी वाल सोलत होते. परीक्षा जवळ आलीय, म्हणून ती मोठ्यानं वाचत होती. आरोपीचा फोटो साक्षीदाराला आधीच दाखवला असेल तर मग ओळखपरेडीला काय किंमत राहते, असं काहीतरी. मी मान वर न करता म्हटलं, "पेपर फुटलेल्या परीक्षेला राहते तेवढीच." पोरगी बघतच राहिली. "आजी, तुला कसं माहीत? हे तर पुढच्या पानावर आहे!" म्हटलं, "सातवी पास बाईलाही एखादी गोष्ट पुढच्या पानावरची माहीत असते." ती हसली, मोबाइल काढून माझा फोटो घेतला आणि बोटानं काहीतरी करून मला दाखवला. "बघ, सुरकुत्या सगळ्या गेल्या." मी म्हटलं, "गेल्या नाहीत गं बाई, लपल्यात." आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं मात्र, तुम्ही समोर येऊन उभे राहिलात. तोच खादीचा सदरा, कानामागे पेन्सिल, बोटांना फोटो धुण्याच्या हायपोचा वास. मग माझ्याच्यानं वाल सोलवेनात.

मी एकोणिसाव्या वर्षी तुमच्या घरात आले तेव्हा मला त्या गुजराती शहरातली पाणीगेटची ती जागा अजबच वाटली होती. रस्त्याला लागून स्टुडिओ, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये तुमची अंधारखोली. पूर्वी ते कोठीघर होतं म्हणे. तिथल्या लाल दिव्याची एक तिरीप दाराच्या फटीतून माझ्या पोळपाटावर पडायची आणि मी पोळ्या लाटता लाटता पलीकडे ट्रेमध्ये हलणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत असायची. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. तुमचे चिरंजीव रेल्वेत, आज रतलाम तर उद्या सुरत. त्यामुळे दिवसभर घरात तुम्ही आणि मी. बोलायचं काय, हा दोघांनाही प्रश्न. एके दिवशी तुम्ही मला उंबऱ्यावर रांगोळी काढताना पाहिलंत. किती तरी वेळ उभे होतात. मग आत जाऊन काचेची एक खराब निगेटिव्ह आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन आलात आणि म्हणालात, "सूनबाई, हात स्थिर आहे तुझा. याच्यावर एवढीशी रेघ भर बघू. श्वास सोडताना पेन्सिल टेकवायची, घेताना नाही." तेवढ्यावरून माझं शिक्षण सुरू झालं. शाळेत मला जे कोणी शिकवलं नाही, ते तुम्ही एका काचेच्या तुकड्यावर शिकवलंत. कणकेत हात घालायला निघाले की ओरडायचात, "आधी साबण, मग पीठ! माणसं जेवायची आहेत, धुवायची नाहीत."

तुमचा नियम मला अजून पाठ आहे. "जाणारं काढायचं, राहणारं ठेवायचं." पुटकुळी चार दिवसांत जाणार, ती काढ. जागरणानं आलेली डोळ्यांखालची काळोखी काढ. पण तीळ, देवीचे वण, जखमेची खूण, हे माणसाबरोबर सरणावर जाणार. ते काढलंस तर तो फोटो दुसऱ्या कोणाचा तरी होईल. दुसरा नियम चाकूचा. पेन्सिलीनं भरलेलं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येतं. चाकूनं निगेटिव्हवरचा थर खरवडला की तो गेला तो गेलाच. म्हणून तो हस्तिदंती मुठीचा छोटा चाकू तुमच्या टेबलाच्या खणात असायचा आणि त्याला माझा हात लागायचा नाही. आणि तिसरी तुमची खोड, तिला नियम म्हणावा की नाही कोण जाणे. प्रत्येकाचे दोन फोटो घ्यायचे. एकात डोळे मिटले गेले तर दुसरा हाताशी. वाईट निघालेलाही टाकायचा नाही, खाकी पाकिटात घालून नंबर टाकून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. मी म्हणायची, "मामंजी, डोळे मिटलेली माणसं कशाला जपायची?" तुम्ही म्हणायचात, "डोळे त्याचे मिटलेत, माझ्या कॅमेऱ्याचे नाहीत."

तुमच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं ते दिवस आठवतात? डोळ्यांवर पट्टी बांधून तुम्ही माजघरात पलंगावर पडलेले आणि दुकान माझ्यावर. त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतली ती बेन आली, पंख्याची मोटर दुरुस्त करणाऱ्या मुलाची आई. मुलाचा फोटो तुम्ही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काढला होतात, सगाईसाठी मुलीकडे पाठवायला. नमुन्याची प्रिंट मी तिच्या हातात दिली. तिनं ती पदरानं पुसली, बघितली आणि तिचे डोळे भरले. मुलाच्या डाव्या भुवईत लहानपणी पतंगाच्या मांज्यानं कापल्याची खूण होती. भुवईचे दोन तुकडे झालेले आणि तिथून एक रेघ गालाच्या हाडापर्यंत उतरलेली. ती मोडक्या मराठीत म्हणाली, "बेन, छोकरो सोन्यासारखा आहे. पण लोक फोटोत पहिली खूणच बघतात. म्हणतात, मारामारी करत असेल. दोन ठिकाणाहून ना आली. एटलुं काढी नाख ने, एवढं काढून टाक, तुझ्या हातात जादू आहे असं सगळे बोलतात."

जादू. मामंजी, माझं तेव्हा कौतुक करणारं माणूस रोज कुठे भेटत होतं? मी तिला चहा करून दिला आणि तिचं ऐकता ऐकता माझं ठरून गेलं. गालावरची रेघ मी पेन्सिलीनं भरली, त्यात दुपार गेली. पण भुवईतली फट पेन्सिलीनं भरेना, तिथे केस उगवायला हवे होते, आणि ते चाकूनंच उगवतात; निगेटिव्ह खरवडली की तिथे फोटोत काळं उमटतं. मी खण उघडला. माजघरातून तुमचा आवाज आला, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही नाही, रबर." पट्टी बांधलेल्या माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं. एकेक केस कोरला, श्वास सोडताना, तुम्ही शिकवल्याप्रमाणेच. नवी प्रिंट पाहून त्या बाईनं माझ्या बोटांचा मुका घेतला. सगाई ठरली, त्यांनी पेढे आणून दिले. तुम्ही पट्टीखालून पेढा खाल्लात आणि म्हणालात, "पोरगा चांगला आहे, खूण बघून मुलगी ना म्हणत नाही म्हणजे मुलगीही चांगली आहे." मी उरलेले पेढे डब्यात भरायला घेतले.

पुढे पाच-सहा महिन्यांनी जमादार आला. आपल्याकडे यायचाच तो, पोलिसांचं फोटोचं काम आपल्याकडे असायचं. "काका, पेला पंखावाळा छोकरानी एक कॉपी आपो ने, साहेबे मंगावी छे." त्या पंखेवाल्या मुलाच्या फोटोची एक प्रत त्याच्या साहेबांना हवी होती. तुम्ही कशाला म्हणून विचारलं नाहीत आणि त्यानंही सांगितलं नाही. मला वाटलं, नोकरीबिकरीसाठी चौकशी असेल. मी चाकू लावलेल्या निगेटिव्हवरून प्रिंट काढली, पाकिटात घातली आणि तुमच्या शिस्तीप्रमाणे नोंदवहीत लिहिलं, अमुक तारखेला अमुक नंबरची एक प्रत जमादाराला दिली. पाकीट तुमच्या हातातून गेलं. तुम्ही उघडून पाहिलं नाहीत. सुनेचं काम उघडून बघायची तुमची पद्धतच नव्हती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ती बेन आपल्या ओटल्यावर येऊन बसली. रडतही नव्हती. सुभानपुऱ्यात एका बंगल्यात भरदुपारी चोरी झाली होती, देवघरातली चांदी आणि बाईचं मंगळसूत्र गेलं होतं. घरातल्या बांनी, म्हणजे त्या वृद्ध सासूनं, चोराला जिन्यावर समोरासमोर पाहिलं होतं. चार-सहा हातांवरून. चेहऱ्यावर काही खूण नव्हती, असंही त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं. महिन्यापूर्वी त्या घरी पंखा दुरुस्त करायला हा मुलगा गेला होता, म्हणून संशय याच्यावर. मामलतदारांपुढे परेड झाली, आठ-नऊ माणसांच्या रांगेतून बांनी त्याचाच हात धरला. मुलगा आत गेला आणि मुलीकडच्यांनी सगाईचा नारळ परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वकील आपल्याकडे आले. तुमच्याहून वयानं लहान, पण तुमच्यासारखेच मिश्कील. नोंदवही बघितली आणि मांडीवर थाप मारली. "काका, परेडीच्या आधी चार दिवस! बांना हा फोटो आधी दाखवलाय, नाहीतर जमादार सजवायला घेऊन गेला?" मी दाराआड होते, तरी विचारलंच, "दाखवला म्हणून काय झालं? चोर तो चोर." ते म्हणाले, "वहिनी, पंचवीस फोटोंत मिसळून दाखवला असता तर तपासापुरतं चाललं असतं. एकच फोटो दाखवायचा, हाच का विचारायचं, आणि मग त्यालाच रांगेत उभं करायचं, ही तर पेपर फुटलेली परीक्षा. बा खोटं बोलत नाहीत. त्यांनी चोर पाहिला एक मिनिट आणि फोटो पाहिला पंधरा मिनिटं. आता त्या कोणाला ओळखतात, ते त्यांनाही सांगता यायचं नाही." मग म्हणाले, "पण नुसत्या प्रिंटवर कोर्ट विश्वास ठेवत नाही. निगेटिव्ह लागेल आणि ती काढणारा माणूस लागेल. काका, तुम्हाला यावं लागेल." आणि त्यांनी पोलिसांच्या कागदांतली प्रिंट तुमच्यापुढे ठेवली.

तुम्ही जाड भिंगाचा चष्मा वर सरकवला, टेबलावरचं भिंग घेतलं आणि पाहिलंत. मग डब्यातून निगेटिव्ह काढून खिडकीशी तिरकी धरलीत. मला तो क्षण आजही तसाच दिसतो. तुमचा अंगठा काचेच्या कडेवर, उजेड तिरपा आणि त्या उजेडात माझ्या पेन्सिलीची चमक. तुमचे फटकारे गोल असत, माझे स्वल्पविरामासारखे. हातच्या कांकणाला आरसा कशाला. तुम्ही वकिलांना एवढंच म्हणालात, "उद्या या." ते गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात आलात. मी आमटीला फोडणी देत होते. "चाकू लावलास," तुम्ही म्हणालात. प्रश्न नव्हताच तो. मी मान हलवली. "कोणासाठी?" "तिच्या मुलासाठी. तिला वाईट वाटत होतं." मोहरी जळाली. मग म्हणालात, "तू त्याची खूण घालवून दिलीस, सूनबाई, आणि ज्या चोराला खूण नव्हती त्याचा चेहरा याला मिळाला." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मी येते कोर्टात. मी सांगते मी केलं." तुम्ही म्हणालात, "तू येणार नाहीस. आमटी बघ."

तारखेच्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा सदरा घातलात. एका पिशवीत दोन्ही खाकी पाकिटं, दुरुस्त केलेली निगेटिव्ह आणि ती दुसरी, डोळे मिटलेली, जिला कोणी हात लावला नव्हता. सुरसागर तळ्याजवळच्या त्या कोर्टात आधी बांची साक्ष झाली. पांढऱ्या साडीतल्या किरकोळ बाई, हातात जपमाळ. वकिलांनी विचारलं, "बा, चोराच्या चेहऱ्यावर काही खूण होती?" बा ठामपणे म्हणाल्या, "ना, चोख्खो चहेरो हतो." "भुवईत कापल्याची खूण?" "कह्युं ने, ना!" मग वकील म्हणाले, "बा, आता जरा या मुलाच्या जवळ जाऊन बघा." बा पिंजऱ्याशी गेल्या, मान वर करून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वकिलांनी हळूच विचारलं, "बा, परेडीत ही खूण दिसली नव्हती?" बा म्हणाल्या, "जोई हती. पण फोटोमां ए ज हतो, एटले मने थयुं के हशे." दिसली होती, पण फोटोत हाच होता, म्हणून वाटलं, असेल. आणि मग, कोणी न विचारता, न्यायाधीश साहेबांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, हुं खोटुं नथी बोलती. पण हवे चोर याद करुं छुं तो फोटो ज याद आवे छे." आता चोर आठवू जाते तर फोटोच आठवतो. एवढं खरं बोलणारं माणूस मी नंतर फारसं पाहिलं नाही.

मग तुम्ही. दोन्ही निगेटिव्ह टेबलावर ठेवल्यात. साहेबांनी एकेक उचलून खिडकीकडे धरून पाहिली, डोळे मिटलेल्या त्या चेहऱ्यावर भुवईची फट आणि गालावरची रेघ उलट्या रंगात लख्ख दिसत होती. सरकारी वकील तुमच्यावर तुटून पडले. "म्हणजे तुम्ही खोटे फोटो विकता?" तुम्ही म्हणालात, "साहेब, लग्नासाठी काढलेला फोटो लग्नापुरता खरा असतो. माणूस ओळखायला हवाय असं मला कोणी सांगितलं असतं तर मी ही दुसरी काच दिली असती." मागे कोणीतरी हसलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "हा बदल कोणी केला? दुकानात आणखी कोण काम करतं?" तुम्ही दोन्ही पाकिटं एकावर एक ठेवलीत. वीस वर्षं ज्या माणसानं मला जाणारं काढ आणि राहणारं ठेव असं बजावलं, तोच माणूस शपथ घेऊन म्हणाला, "माझाच हात आहे." ते म्हणाले, "मोतिबिंदू झालेल्या डोळ्यांनी इतकं बारीक काम?" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तर वाईट झालंय."

मुलगा सुटला. साहेबांनी लिहिलं की फोटो आधी दाखवल्यामुळे परेडीवर भरवसा ठेवता येत नाही आणि फोटोच मुळात याच्या चेहऱ्याचा नाही. खरा चोर कधी मिळाला नाही. पोलिसांचं काम आपल्याकडून गेलं, ते दुसऱ्या स्टुडिओकडे गेलं, आणि बाजारात चार लोक म्हणाले की म्हाताऱ्याची नजर गेली, आता पासपोर्टचे फोटो दुसरीकडे काढा. तुम्ही कधी खुलासा केला नाहीत. दोन वर्षांनी त्या मुलाचं लग्न दुसऱ्या मुलीशी झालं, फोटो तुम्हीच काढलेत, भुवईच्या खुणेसकट. त्या रात्रीच्या पंगतीत बांना बोलावलं होतं आणि त्या आल्याही होत्या, हे तुमच्या लक्षात आहे ना?

आता तुम्ही विचाराल, सूनबाई, कोर्टातलं हे इतकं बारीक तुला कोणी सांगितलं? वकिलांनी सांगितलं असं मी लोकांना सांगत आले, तुमच्या मुलालाही. तुम्ही तर कधी काही बोललाच नाहीत. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, चहा तयार होता. मी विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "विचारलं ते सांगितलं." चहा प्यायलात. मग खण उघडून तो हस्तिदंती मुठीचा चाकू काढलात आणि माझ्या पोळपाटाशेजारी ठेवलात. "तुझ्याकडे राहू दे. ज्याला एकदा लागलं तो जपून धरतो." तो चाकू आजही माझ्याकडे आहे. स्टुडिओ बंद झाला, काचा भंगारात गेल्या, पण चाकू आणि बिस्किटांचा एक डबा या फ्लॅटपर्यंत आला. चाकू मी त्यानंतर तीन वेळा वापरला, तिन्ही वेळा गिऱ्हाईकाला विचारून, आणि दुसरी काच जपून.

हे पत्र मी कुठे टाकणार? त्याच डब्यात, खाकी पाकिटात घालून. नंबर मात्र टाकणार नाही, पोरगी कायदा शिकतेय, शोधून काढेल.

मी कोर्टात आले होते, मामंजी. तुमच्या मागोमाग, शेजारणीची साडी नेसून, पदर कपाळापर्यंत ओढून, शेवटच्या बाकावर बसले होते. उठून सांगायचं म्हणूनच आले होते. "दुकानात आणखी कोण काम करतं," असं त्यांनी विचारलं तेव्हा मी उभीही राहिले होते. मग तुम्ही "माझाच हात" म्हणालात आणि मी खाली बसले. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की तुमचा शब्द मोडायचा नव्हता म्हणून बसले. तसं नव्हतं. बसताना मला बरं वाटलं होतं.